आप्पांची शहानिशा

मन्मथआप्पा विभुते फोन उचलून 'हॅलो' म्हणत नसत. 'कोण?' म्हणत. पलीकडच्यानं नाव सांगितलं की म्हणत, "बरं, ठेवा. मी लावतो." आणि खरंच ठेवून देत. मग टेबलाच्या खणातून निळ्या पुठ्ठ्याची वही निघे. तिच्यात त्या माणसाचा नंबर शोधायचा, कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचा आणि एकेक आकडा तोंडानं म्हणत फोन लावायचा. पलीकडं तोच माणूस, तोच आवाज, तेच काम. फरक एवढाच की आता तो वैतागलेला असे. आप्पा मात्र शांत. "हां, आता बोला."

चौसाळ्याच्या शाखेत मी त्यांच्या हाताखाली पाच वर्षं काढली. आमची बँक बीड जिल्ह्यापुरती, डझनभर शाखांची, लहानशी सहकारी बँक. आता ती त्या नावानं उरलेली नाही, तेव्हा नावाचं जाऊ द्या. आप्पा चौसाळ्याचे शाखाधिकारी होते. हुद्दा ऐकायला मोठा, पण शाखेत माणसं चार, पंखे दोन आणि फोन एक. आप्पा उंच, काळसर, जरा वाकलेले. कपाळावर भस्माची तीन बोटं, शर्टाच्या आत गळ्यात लिंग. आल्यागेल्याला 'शरणार्थ' म्हणायचे, आणि समोरचा कुठल्याही जातीधर्माचा असो, त्याच्या तोंडून उलट 'शरणार्थ आप्पा' यायचंच. हायवेवरचा पंक्चरवाला सलीमसुद्धा तसंच म्हणायचा.

कुठलाही कागद ते दोनदा वाचत. मग उलटा करून मागची बाजू बघत. मागची बाजू कोरी आहे हे नीट वाचून झालं की मगच सही. आम्ही यावरून त्यांची खूप टिंगल केली. ते ऐकून घेत, हसतसुद्धा, पण कागद उलटा करायचं सोडलं नाही.

आमच्याकडं सगळा कारभार चिठ्ठीवर चालायचा. दुकानातून तेल आणायला चिठ्ठी, दवाखान्यात चिठ्ठी, बँकेतही चिठ्ठी. 'पत्र आणणाऱ्याजवळ अमुक देणे,' खाली सही. न मानणं म्हणजे लिहिणाऱ्याचा अपमान. एकदा नेकनूरच्या एका किराणा दुकानदाराचा भाचा अशीच चिठ्ठी घेऊन चेकबुक न्यायला आला. सही जुळत होती. आप्पांनी भाच्याला बसवलं, चहा पाजला आणि नेकनूरकडं जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरजवळ निरोप धाडला, की अशी चिठ्ठी आली आहे, तुमचीच का? अडीच तासांनी परतीच्या गाडीनं उत्तर आलं. चिठ्ठी माझी, भाचा माझा, आणि विभुत्याला सांगा, माझं खातं आजच बंद.

आप्पा म्हणाले, "खातं बंद करतो की. पन निरोपावर न्हाई. त्यांनी सोता यावं."

दुकानदार रागारागात आला आणि खातं बंद न करता गेला. पण त्यानं आप्पांशी बोलणं सोडलं ते सोडलंच. मी म्हणालो, "आप्पा, सही जुळत होती. भाचा खरं सांगत होता. उगाच माणूस तोडला."

"सातपुते," ते म्हणाले, "ज्यानं सांगितलं त्यालाच 'खरं का?' म्हणून इचारून काय उपेग? तो व्हयच म्हणणार. दुसऱ्या वाटंनं जाऊन इचारावं लागतं. त्यात खऱ्या माणसाला राग येतो, हे मला कळतंय. पन त्याला राग येतो म्हणून इचारायचं सोडलं, की खोट्याचं फावलं."

ही सवय घरीही सुटली नव्हती. लातूरला त्यांचे थोरले भाऊ वारले तेव्हा पुतण्याचा फोन सकाळी शाखेतच आला. मी समोर होतो. आप्पांनी ऐकलं आणि म्हणाले, "बरं, ठेव. मी लावतो." मग वही काढली, भावाच्या शेजारच्या औषधाच्या दुकानात फोन लावला, आणि त्या दुकानदारानं सांगितल्यावर खुर्चीत बसले. तेराव्याला भावजय सगळ्यांदेखत बोलली, "सख्ख्या भावाच्या मरणाचीबी शहानिशा केली या माणसानं." पुढं कित्येक वर्षं ती यांच्या दारात आली नाही.

मी एकदा धीर करून त्यांना त्याबद्दल विचारलं. ते बराच वेळ पेन्सिलीला टोक करत राहिले. "हात आपोआप गेला. पन खरं सांगू? फोन ठेवल्यावर दुसरा लागूस्तोवर मला वाटत व्हतं, खोटं असंल. तेवढी दोन मिंटं भाऊ जित्ता व्हता."

या सवयीचा खरा उपयोग व्हायचा तो ऊसतोडीच्या दिवसांत. दिवाळी झाली की आमच्याकडची निम्मी गावं कोयते घेऊन कारखान्यांकडं जातात, ती उन्हाळ्यातच परत येतात. मागं राहिलेल्यांपैकी कुणीतरी मग त्यांचं पासबुक आणि अंगठा उठवलेली चिठ्ठी घेऊन बँकेत हजर. 'तिकडं अडचण आली, पैसे मागवलेत.' कधी खरं असे, कधी नसे. आप्पांनी यावर स्वतःचा उपाय काढला होता, जो कुठल्याच नियमात नव्हता. जाण्याआधी प्रत्येकाला बोलावून ते एक प्रश्न ठरवायचे, ज्याचं उत्तर त्या माणसाशिवाय कुणाला देता येणार नाही. उत्तर निळ्या वहीत. पैसे खरंच लागले तर येणाऱ्याला उत्तर सांगून पाठवायचं.

लिंबागणेशची कौसाबाई विधवा होती. एका पौषात तिचं पासबुक घेऊन एक माणूस आला. पोरगी आजारी आहे म्हणाला, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. आप्पांनी वही उघडली. "कौसाबाईच्या बैलांची नावं सांगा."

"सर्जा आन् राजा," तो तत्काळ म्हणाला.

आप्पांनी वही मिटली. कौसाबाईकडं बैल कधीच नव्हते. ती मोळ्या डोक्यावर वाहायची. वहीत उत्तर होतं, 'बैल नाही.' माणूस तिच्या दिरानं धाडलेला निघाला. तो गेल्यावर आप्पा आम्हाला म्हणाले, "खरा असता तर 'बैल न्हाईत' म्हणाला असता. खोट्याकडं उत्तर तयारच असतं."

नव्वद सालानंतर हवा बदलत गेली. चौसाळ्यात एसटीडीचे बूथ झाले, पानटपऱ्यांवर थंड बाटल्यांचे फ्रीज आले. खाजगी बँकांच्या जाहिराती टीव्हीवर दिसू लागल्या आणि आमचे संचालक धास्तावले. गिऱ्हाईक पळणार, तर काय करायचं? त्यांनी पुण्याच्या एका खाजगी बँकेतून नवा सरव्यवस्थापक आणला. आम्ही त्यांना मोठे साहेब म्हणायचो. त्यांचा एकच मंत्र होता, वेग. दर शाखेच्या भिंतीवर 'वेग हाच विश्वास' असं रंगवून घेतलं. दर शाखेला एक संगणक आला, त्याला टेलिफोनची वायर जोडली गेली. वायर एकच असल्यामुळं इंटरनेट लावलं की फोन बंद, आणि फोनवर बोलायचं तर इंटरनेट बंद. शाखेशाखेला एकेक मेलचा पत्ता आणि पासवर्ड मिळाला. पैसे बाहेर पाठवायच्या सूचनाही आता मेलनं जाऊ लागल्या.

आप्पांनी एका बोटानं टाइप करायला शिकून घेतलं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. मेलची सुरुवात 'शरणार्थ', आणि शेवटची ओळ ठरलेली: 'मी स्वतः शहानिशा केली आहे.' मुख्य कार्यालयातले लोक म्हणायचे, ती ओळ असली की वरचं वाचायची गरज नाही. थट्टेत म्हणायचे, पण वागायचेही तसेच. तोवर माझी नेकनूर शाखेला प्रमुख म्हणून बदली झाली होती.

मग ती मिटिंग झाली. मोठ्या साहेबांनी एक दिवस चेअरमनसाहेबांच्या बंगल्यावरून चौसाळ्याला फोन करून एका खातेदाराची माहिती मागितली. आप्पा म्हणाले, "बरं, ठेवा. मी लावतो," आणि वहीतल्या नंबरावर, म्हणजे साहेबांच्या केबिनमध्ये फोन लावला. तिथं कुणी उचलेना. आप्पांनी माहिती दिली नाही. इकडं बंगल्यावर साहेब चेअरमनसमोर हात चोळत बसलेले. दोनच दिवसांत बीडला सगळ्या शाखाधिकाऱ्यांना बोलावलं.

"उभे राहा, विभुते. माझा आवाज ओळखता येत नाही तुम्हाला?"

"आवाज ओळखला व्हता, साहेब. पन आवाजाचा काय भरवसा? नंबराचा असतो."

सगळे हसले. साहेबांना ते हसणं आपल्यावर आहे असं वाटलं. "माफी मागा," ते म्हणाले. आप्पांनी हात जोडले आणि माफी मागितली. साठीला टेकलेला माणूस, भरल्या हॉलमध्ये. मी तिसऱ्या रांगेत होतो. सगळ्यांबरोबर मीही हसलो होतो, हे इथंच सांगून टाकतो.

आठवड्यात परिपत्रक निघालं. मुख्य कार्यालयाच्या सूचना आल्यावर खात्रीच्या नावाखाली उलट फोन करून जो दिरंगाई करील, त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होईल. मी ते वाचलं आणि गेवराई शाखेतल्या एका मित्राला मेल केला. त्यात परिपत्रक जोडलं आणि मिटिंगची गोष्ट तिखटमीठ लावून लिहिली. 'आप्पांना भर मिटिंगमध्ये कान धरायला लावले,' असं लिहिलं. आप्पांनी कान धरले नव्हते. मित्राला हसू यावं म्हणून मी ते घातलं होतं.

यानंतर महिनाभरानं, एका शनिवारी, चौसाळ्याला मेल आला. इंग्रजीत, बँकेच्या बोधचिन्हासकट, संगणक विभागाच्या नावानं. सर्व शाखांचे मेल नव्या मशिनवर हलवायचे आहेत. सोबतच्या दुव्यावर जाऊन नाव आणि पासवर्ड भरा. दुपारी एकपर्यंत न भरल्यास शाखेचा मेल बंद पडेल आणि जबाबदारी शाखाधिकाऱ्याची राहील. आप्पांनी मेल छापून घेतला, दोनदा वाचला, उलटा करून पाहिला आणि बाजूला ठेवला. साडेबाराला फोन वाजला.

"भरलं का, आप्पा? बाकी सगळ्या शाखांचं झालं. तुमचीच राहिली. मोठे साहेब इथंच बसलेत."

"बरं, ठेवा. मी ला..."

"पुन्हा तेच का?" आवाज म्हणाला. "मागच्या वेळी भर मिटिंगमध्ये कान धरावे लागले, विसरलात? परिपत्रक वाचलं नाही का?"

आप्पांनी मला हे पुढं शब्दाशब्दानं सांगितलं. म्हणाले, "फोन ठिवला. वही काढली. नंबरबी काढला. आन् मग बोट उचलंना. वाटलं, नोकरीचं शेवटचं वरीस हाय. पुन्यांदा उभं ऱ्हायाचं न्हाई मला." त्यांनी वही खणात टाकली, इंटरनेट लावलं आणि पासवर्ड भरला. आयुष्यात एकदाच, शहानिशा न करता.

वीस मिनिटं ते तसेच बसले. शिपाई सांगायचा, पाण्याचा ग्लास समोर होता, पण हात लावला नाही. मग राहवेना. वायर काढून फोनला लावली आणि बीडला संगणक विभागाच्या प्रमुखाला विचारलं. प्रमुख म्हणाला, आम्ही असा मेल पाठवलेलाच नाही.

"मग आत्ताच्या आत्ता माझा मेल बंद करा," आप्पा म्हणाले. "म्या पासवर्ड देऊन बसलोय."

प्रमुख घाबरला. मोठ्या साहेबांना हे कुणी सांगायचं? शनिवार, अर्धा दिवस, साहेब पुण्याला निघालेले. तो म्हणाला, "कुणाला बोलू नका. सोमवारी बघतो." आप्पांनी दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा त्यानं उचलला नाही.

ज्याच्या हाती पासवर्ड गेला होता त्याला रविवार अख्खा मिळाला. त्यानं आप्पांचे सगळे जुने मेल वाचले असणार. सोमवारी दहाला चौसाळ्याच्या पत्त्यावरून मुख्य कार्यालयाला मेल गेला. वर 'शरणार्थ'. मध्ये एका लांबच्या शहरातल्या खात्यावर मोठी रक्कम तातडीनं पाठवायची विनंती. आणि खाली, 'मी स्वतः शहानिशा केली आहे.' पैसे पाठवणाऱ्या टेबलानं फोन करून विचारलं नाही. त्या परिपत्रकानंतर उलट फोन करणं सगळीकडंच बंद झालं होतं, आणि शिवाय ती ओळ होती. दुपारपर्यंत पैसे तिथूनही कुठं गेले, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मला हे सगळं आप्पांकडूनच कळलं, दोन दिवसांनी, चौसाळ्याच्या स्टँडवर. फोनवरचा आवाज काय म्हणाला ते सांगताना ते मध्येच थांबले. "पन सातपुते, म्या कान कवा धरलते?"

कान धरल्याचं जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं, मी गेवराईला पाठवलेल्या मेलमध्ये. आणि तोच मेल, त्याच संगणक विभागाच्या नावाचा, नेकनूरला मला त्याच आठवड्यात बुधवारी आला होता. मी दोन मिनिटांत पासवर्ड भरून मोकळा झालो होतो आणि वेगानं काम केल्याबद्दल स्वतःवर खूशही होतो. चोर आधी माझ्या घरात शिरला होता. तिथं त्याला परिपत्रक सापडलं, आप्पांचं नाव सापडलं, आणि आप्पांना कुठं टोचलं की ते विचारायचं सोडतील हेही सापडलं. ते सगळं मीच लिहून ठेवलं होतं.

मी आप्पांना म्हणालो, "काय माहीत, कुठून कळलं त्याला." मग नेकनूरला जाऊन तो मेल पुसला. गेवराईला पाठवलेलाही पुसला.

चौकशी बीडला झाली. साहेबांनी बाहेरचा एक वकील आणला होता, पण बोलत स्वतःच होते.

"पासवर्ड तुम्ही दिला?"

"व्हय. म्या दिला."

"एवढी वर्षं सगळ्यांची शहानिशा करत होता. त्या दिवशी का नाही केली?"

आप्पांनी खिशातून घडी केलेलं परिपत्रक काढून टेबलावर ठेवलं. "तुमीच बंद केलती, साहेब." चौकशीच्या कागदात याची नोंद 'उद्धट उत्तर' अशी झाली.

मग एकेका शाखाधिकाऱ्याला विचारलं, की असा मेल तुमच्याकडं आला होता का? सगळे नाही म्हणाले. माझी पाळी आली. आप्पा माझ्या डाव्या हाताला, चार फुटांवर बसलेले होते. मी साहेबांकडं बघत म्हणालो, "नाही." मला आज खात्री आहे की नाही म्हणणाऱ्यांत मी एकटा खोटा नव्हतो. निदान तिघांचे चेहरे माझ्यासारखेच होते. भरलं अनेकांनी, सांगितलं एकानं, आणि सांगितलं म्हणून तोच दोषी ठरला. आधी निलंबन, मग निवृत्तीला दोन महिने उरले असताना बडतर्फी. पोलिसांना आप्पांविरुद्ध काही सापडलं नाही. पण चोरही सापडला नाही, त्यामुळं गावाला आप्पाच पुरले.

गाव काय बोलतं ते मला नेकनूरला ऐकू यायचं. ज्यांच्या चिठ्ठ्या त्यांनी अडवल्या होत्या ते सगळे आता बोलायला लागले. 'लई शाना व्हता. दुसऱ्याला चोर समजायचा, आन् आतून सोताच.' सप्ताहाच्या कोठीघराच्या किल्ल्या दरवर्षी आप्पांकडं असायच्या. त्या वर्षी कुणी त्यांना विचारलंच नाही.

सगळ्यात कौसाबाईचं मला लागलं. उन्हाळ्यात ऊसतोडीहून परत आल्यावर ती त्यांच्या घरी गेली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. आप्पांच्या बायकोनं पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही.

"माझं हाय का, आप्पा?"

"हाय, बाई. तुझ्या पैशाला कायबी झालेलं न्हाई. बँकेचा पैसा गेला, खातेदाराचा न्हाई."

तिनं मान हलवली आणि तिथून थेट बँकेत जाऊन नव्या शाखाधिकाऱ्याला तेच विचारलं. आप्पांच्या बायकोला ते झोंबलं. "जिच्यासाठी एवढं केलं तिनं तुमच्या शब्दावर इस्वास ठिवला न्हाई," ती रडत म्हणाली. आप्पा म्हणाले, "बरोबर केलं तिनं. म्याच शिकिवलं." असं म्हणाले खरे, पण त्या दिवशी जेवले नाहीत, हेही त्यांची बायकोच मला सांगत होती.

पुढं मोठे साहेब दुसऱ्या नोकरीवर गेले. असं खोट्या मेलनं पासवर्ड काढून घेण्याला फिशिंग म्हणतात हे बँकेला कळलं आणि नव्या लोकांना शिकवायचं काम, नशिबाचा खेळ बघा, माझ्याकडं आलं. मी फळ्यावर काय लिहायचो? पासवर्ड कुणी, अगदी चेअरमननं मागितला तरी द्यायचा नाही. घाई लावणारा आणि भीती घालणारा माणूस दिसला की आधी थांबायचं. मेलमधल्या नंबरावर नव्हे, आपल्या वहीतल्या नंबरावर उलट फोन करायचा. मोठी रक्कम दोघांनी वेगवेगळी खात्री केल्याशिवाय बाहेर सोडायची नाही. हे सगळं बँकेनं पटकन मान्य केलं, मशिनंही आणली. एक गोष्ट मान्य करायला मात्र वर्षं लागली, की चूक झाली असं जो लगेच येऊन सांगेल त्याला शिक्षा करायची नाही. साहेबलोक म्हणायचे, मग शिस्त कशी राहील? मी वर्गात सांगायचो, "एका शाखेत एक गृहस्थ होते, त्यांनी वीस मिनिटांत सांगितलं होतं, पण ऐकणारा घाबरला." पोरं विचारायची, त्यांचं नाव काय? मी म्हणायचो, नावाचं काय घेऊन बसलात.

नाव न सांगण्याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. खरं कारण एकच होतं. मी भित्रा होतो.

शेवटी एकदा मी चौसाळ्याला त्यांच्या घरी गेलो. बडतर्फीला तीन वर्षं होऊन गेली होती. साखरेच्या आजारानं ते अर्धे झाले होते, एका डोळ्यानं नीट दिसत नव्हतं. भस्माची बोटं वाकडी उमटली होती. "शरणार्थ. बसा, सातपुते." मी बसलो, आणि चहा यायच्या आत सगळं सांगून टाकलं. बुधवारचा मेल, गेवराईला लिहिलेली गोष्ट, चौकशीतलं 'नाही'.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"चौकशीच्या आधीपासून. तुमचा गेवराईवाला हासत हासत सांगत आलता मला, का आप्पा, सातपुत्यानं तुमचे कान धरवले म्हनं. तवाच समजलं, त्यो मानूस कुन्या वाटंनं आला ते."

"मग चौकशीत कावून बोलला नाहीत, आप्पा?" नकळत मी त्यांच्यासारखं बोललो.

"तुमचं नाव घेतलं तर म्या भरलेलं पुसून जातंय व्हय? आन् वाटलं, तुमी सोता बोलताल. पाळी आली तवा मी तुमच्याकडं बघत व्हतो."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मी उठलो, तर त्यांनी हातानंच बसा म्हणून सांगितलं. फडताळातून एक कोरा कागद आणि पेन काढून माझ्यासमोर ठेवलं.

"आता लिवा. आप्पा चोर न्हाई, असं लिवू नका, ते कुनी मानायचं न्हाई. तुमीबी भरलंतं, एवढंच लिवा. खाली सही करा. बँकेला द्या, एक मला द्या. माझी पोरगी नांदतीय ना, तिच्या सासऱ्याला दाखवायचं हाय. तिला तिथं लई बोलत्यात."

माझ्या बढतीचे कागद त्याच महिन्यात वर गेले होते. मुलाची इंजिनिअरिंगची पहिली फी भरायची होती. पेन हातात घेतलं. टोपण काढलं. आणि मी म्हणालो, "आप्पा, असं घाईत नको. घरी जाऊन नीट लिहितो. टाइप करून, दोन प्रती करून आणून देतो."

त्यांनी चांगल्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेन माझ्या हातातून घेतलं, टोपण लावलं, कोरा कागद परत फडताळात ठेवला आणि म्हणाले, "बरं."

निघालो तसे ते भिंतीला धरत दारापर्यंत आले. मी नको म्हणत असताना एक पायरी उतरले. "जमंल तसं लिवा, सातपुते," ते म्हणाले. "पन पोरीसाठी लिवा." गल्लीच्या तोंडाशी मी मागं वळून पाहिलं, तर ते अजून पायरीवरच होते. मी कुठल्या बाजूला गेलो ते त्यांना दिसत नसावं, कारण ते दुसरीकडंच बघत होते.

त्यानंतर आप्पा सात महिने जगले. तो कागद मी आज लिहितो आहे.